टकर आजोबांचा भोपळा

माझं बालपण इंग्लंडमधल्या एका खेड्यात गेलं. हे वाक्य मी आजवर इतक्या लोकांना ऐकवलंय, की ते बालपण एकूण चौदा महिन्यांचं होतं ही बारीकशी गोष्ट माझ्याही लक्षातून गेली होती.

बाबा डॉक्टर होते. मी सात वर्षांची असताना त्यांना तिकडच्या एका खेड्यातल्या दवाखान्यात नोकरी मिळाली आणि भर जानेवारीत आम्ही तिघं पुण्याहून उचलून तिथल्या बर्फात ठेवले गेलो. (गावाचं नाव सांगत नाही. ते नीट उच्चारायला आईला चौदा महिने लागले, आणि जमलं त्या दिवशी आमचं परतीचं विमान होतं!)

बाकीचं माझं सगळं आयुष्य पुण्यात आणि लग्नानंतर इथे, आखातातल्या अल ऐनमध्ये गेलं. मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, मंदार, म्हणजे माझा नवरा, एका बांधकाम कंपनीत आहे. पण लॅबमध्ये, भिशीत, गणपतीच्या प्रसादाच्या रांगेत, कुठेही कसलाही विषय निघो, मी सुरू: "आमच्या इंग्लंडच्या गावात ना..."

मंदार म्हणायचा, "वैशू, तुझं वय बेचाळीस. त्यातली चाळीस वर्षं तू इंग्लंडमध्येच होतीस. मग माझ्याशी लग्न केलं ती कोण?"

खरा घोटाळा आमच्या ईरामुळे झाला. ती लहानपणी भाजी खायची नाही. मग एकेका घासाला मी गावातली एकेक गोष्ट सांगायची. ती तीन वर्षांची होती तेव्हा मी गावातल्या गाईला हात लावला होता. ती पाच वर्षांची झाली तेव्हा मी त्या गाईचं दूध काढू लागले होते. ती आठ वर्षांची होईपर्यंत शाळेत जाण्याआधी माझ्या रोज पाच गाई होत होत्या! आणि ज्या दिवशी पानात दुधी होता, त्या दिवशी मी कळस केला. तिकडे दर उन्हाळ्यात गावात भाज्यांचं प्रदर्शन भरायचं. त्यात मॅरो नावाचा एक हिरवागार, पट्ट्यापट्ट्यांचा भोपळा असतो, आपल्या दुधीचा लठ्ठ चुलतभाऊच. मी सांगून टाकलं, की मी एकटीने वाढवलेल्या मॅरोला गावात पहिलं बक्षीस मिळालं होतं. चांदीचा कप!

"वेअर इज द कप?" ईराने विचारलं.

"येताना सामानात हरवला," मी म्हणाले. तिने बिचारीने सगळा दुधी संपवला. मला वाटलं, विषयही संपला.

यंदा ईरा दहा वर्षांची झाली. मार्च महिन्यात एका गुरुवारी ती शाळेतून आली ती उड्या मारतच.

"आई! मिस हॅरिएट इज सो एक्सायटेड!"

मिस हॅरिएट ही तिची वर्गशिक्षिका. आमच्याच कंपाउंडमध्ये तीन व्हिला सोडून राहते. ईराच्या वर्गाला 'माझं कुटुंब, त्यांचं गाव' असा प्रकल्प दिला होता. बाकीच्या मुलांनी केरळ, लाहोर, कैरोजवळचं काहीतरी असं लिहिलं. आमच्या कन्येने उभं राहून जाहीर केलं, की माझी आई इंग्लिश खेड्यात वाढली आहे आणि ती भोपळ्याची चॅम्पियन आहे.

"अँड गेस व्हॉट! मिस पण व्हिलेजमध्येच मोठी झाली! शी वॉन्ट्स टु इंटरव्ह्यू यू. सॅटर्डे, फोर ओ'क्लॉक. मी म्हटलं, आई विल मेक अ प्रॉपर व्हिलेज टी."

मी पाणी पीत होते. ते नाकातून आलं.

पुढचे दोन दिवस मी एका जागी बसले नाही. टेबलावरचा टेबलक्लॉथ चार वेळा बदलला. पाचव्यांदा पहिलाच घातला. स्कोन नावाचा बनपावासारखा मऊ पदार्थ मी आयुष्यात केलेला नव्हता. पहिली खेप ओव्हनमधून काढली तेव्हा मंदारने एक उचलून टेबलावर ठोकून पाहिला.

"मजबूत आहे. दहा-बारा डझन कर, साइटवर नेतो."

काकडीची सँडविचेस करायला घेतली तर काकड्या कडू. पुन्हा दुकान. क्रीम आणायला गेले आणि दही घेऊन आले. पुन्हा दुकान. लॅबमध्ये शुक्रवारी मी एका माणसाचं रक्त काढताना त्याला विचारलं, "दूध किती लिटर?" तो बिचारा फिलिपिनो. हसून म्हणाला, "मॅडम, यू ओके?"

मी ओके नव्हते. कारण स्कोन, काकड्या, क्रीम यांचं काहीतरी होणार होतं. पण आईचं काय करायचं?

हे सांगायचं राहिलंच. दोन आठवड्यांपूर्वी माझी आई पुण्याहून व्हिजिट व्हिसावर आली होती. वय सत्तर, गुडघे जरा कुरकुरतात, पण स्मरणशक्ती अशी, की माझ्या बारशाला कोण चांदीची वाटी देतो म्हणून स्टीलची देऊन गेलं तेही सांगेल. ती सोफ्यावर बसून शेंगा सोलत माझी धावपळ बघत होती. अधूनमधून दुकानाचं बिल हातात घेऊन वाचायची. "क्रीमची ही एवढीशी डबी अठरा दिरहॅम? म्हणजे चारशे रुपये झाले की गं! कोण येतंय एवढं? कलेक्टर?"

आणि इंग्लंडमध्ये नक्की काय घडलं होतं हे माझ्याखेरीज जिवंत माणसांपैकी फक्त तिला माहीत होतं.

शनिवारी दुपारी मी मंदारला स्वयंपाकघरात कोपऱ्यात घेतलं.

"आईला ओॲसिस दाखवून आण."

"बरं. ईरालाही नेतो."

"ईरा इथे हवी आहे. फक्त आई. आणि साडेपाचच्या आत परत आणायचं नाही."

"वैशू, तू आपल्या आईला घराबाहेर काढतेयस?"

"मी तिला पर्यटन घडवतेय! यल्ला, निघा!"

आई पायांत स्पोर्ट्स शूज, अंगावर सुती साडी, डोळ्यांवर ईराचा गॉगल अशी साडेतीनला गाडीत बसली. चारला एक मिनिट असताना बेल वाजली.

मिस हॅरिएट उंच, लालबुंद गालांची, अतिशय गोड बाई. हातात वही. तिने घरात पाऊल टाकलं, टेबलाकडे पाहिलं आणि "ओह, हाउ लव्हली!" म्हणत खरोखरच टाळ्या वाजवल्या. मला अर्धा क्षण वाटलं, जमलं! मग तिने स्कोनला हात घातला. तो फुटेना. तिने तो हळूच चहात बुडवला. तरी फुटेना. शेवटी तिने तो बशीच्या कडेला पाहुण्यासारखा ठेवून दिला आणि वही उघडली.

"तर, तुम्ही रोज गाईंचं दूध काढायचात! फ्रीजन का?"

मला वाटलं ती थंडीबद्दल विचारतेय. "हो ना, फार! मी हातमोजे घालूनच काढायचे."

मिस हॅरिएटचं पेन थांबलं. (फ्रीजन ही गाईची जात असते. हे मला आता माहीत आहे.)

"हातमोजे घालून... दूध?"

"लोकरीचे," मी जास्तीची माहिती पुरवली.

"आई, टेल हर अबाउट द मॅरो!" ईरा खुर्चीत बसल्या जागी नाचत होती. तिने प्रकल्पाचा मोठा कागद आणला होता. त्यावर मध्यभागी चांदीचा कप काढला होता, त्याला चमकी लावली होती आणि शेजारी दोन वेण्यांची मी, भोपळ्यावर एक पाय ठेवून, शिकाऱ्यासारखी!

"हो, ते ऐकायचंच आहे मला," मिस हॅरिएट पुढे सरकली. "माझे आजोबाही मॅरो लावायचे. प्रत्येकाचं काहीतरी गुपित खत असतं. आजोबा साखरेचं पाणी द्यायचे. तुम्ही काय द्यायचात?"

मी टेबलभर नजर फिरवली. समोर किटली होती.

"चहा," मी म्हणाले.

"चहा?"

"आल्याचा."

आणि तेवढ्यात दार उघडलं. आई! तिच्या मागे मंदार, मला दुरूनच दोन्ही हात जोडत.

"अगं, काय ते ओॲसिस!" आई गॉगल कपाळावर चढवत म्हणाली. "सगळी खजुराचीच झाडं. एक पाहिलं, खलास! म्हटलं चला घरी, चहा तरी मिळेल."

"आई, तू दमली असशील. आत जाऊन पड जरा."

"मी कशाला दमू? गाडीत बसून गेले, गाडीत बसून आले." ती मिस हॅरिएटच्या शेजारच्या खुर्चीत ऐसपैस बसली, म्हणाली, "हॅलो! हाउ आर यू! नाइस वेदर!" आणि तिथे तिचं इंग्लिश संपलं. (चौदा महिन्यांत तिने एवढंच कमावलं होतं. तिकडे एवढ्यावर माणसाचं सगळं भागतं.)

मग तिची नजर ईराच्या कागदाकडे गेली. "हे काय गं? कप कुणाचा?"

"आईचा! मॅरोचं फर्स्ट प्राइझ, आजी!"

"मॅरो?" आईने डोळे बारीक केले. "म्हणजे तो टकर आजोबांचा भोपळा? बक्षीस कसलं? चोरला होता तो हिने!"

मंदारने काकडीचं सँडविच उचललं आणि बसायला खुर्ची शोधली. नाटक सुरू होण्यापूर्वी माणसं करतात तसं.

"व्हॉट डिड शी से?" मिस हॅरिएटने विचारलं.

ईराने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नको, नको. पण माझी मुलगी प्रामाणिक निघाली (कुणावर गेली आहे देव जाणे).

"माय आजी सेज... माय आई स्टोल इट."

आणि मग माझ्याच दिवाणखान्यात, माझ्याच चारशे रुपयांच्या क्रीमसमोर माझ्यावर खटला चालला. आई मराठीत साक्ष देत होती आणि माझी पोटची पोर वाक्यावाक्याचं इंग्लिश करत होती.

"टकर आजोबा म्हणजे शेजारचे. एकटेच असायचे," आई सांगू लागली. "त्या गावात मला बटाटा, गाजर, कोबी याखेरीज भाजी दिसली नव्हती. दुधी दुधी करत जीव नुसता कासावीस! ऑगस्टात एक दिवस ही बया आली बाहुलीची ढकलगाडी ढकलत. आत पांघरूण घालून निजवलेला हा एवढा भोपळा! म्हणाली, टकर आजोबांनी दिला."

"त्यांनी सांगितलं होतं, बागेतलं हवं ते घे," मी म्हणाले.

"ते मटारच्या शेंगांबद्दल सांगितलं होतं!"

"आई," ईराने भाषांतर थांबवून विचारलं, "मग ब्लँकेट का घातलंस त्याला?"

"थंडी होती."

"इन ऑगस्ट?"

मंदारला ठसका लागला.

"मी त्याचा हलवा केला," आई पुढे म्हणाली. "दिवसभर आटवला. वास रस्त्यापर्यंत! संध्याकाळी दारात टकर आजोबा. टोपी हातात, चेहरा पांढराफटक. म्हणाले, डॉक्टर, माझा मॅरो कुणीतरी नेला. शनिवारी प्रदर्शन आहे. ईरा, तुझ्या आजोबांना यातलं काही ठाऊक नाही. त्यांनी टकर आजोबांचं ब्लडप्रेशर पाहिलं, खुर्चीत बसवलं, म्हणाले, काहीतरी गोड खा, बरं वाटेल. आणि दिला हलवा!"

मिस हॅरिएटने तोंडावर रुमाल धरला होता.

"दोन वाट्या खाल्ल्या त्यांनी. मला तर तोवर सगळा उलगडा झालेला. आणि ही! ही पुढे होऊन त्यांना म्हणते कशी..."

मला आठवत होतं. शब्द न् शब्द. इंग्लिश शाळेत नुकतंच शिकवलं होतं, की पाहुण्याला आग्रह करावा. मी म्हणाले होते, "प्लीज हॅव सम मोअर. इट्स यॉर्स."

मिस हॅरिएट ओरडलीच. हसता हसता तिचा धक्का लागून तो स्कोन बशीतून खाली पडला. फरशीचा आवाज झाला, स्कोनला काही झालं नाही.

"त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं," आई म्हणाली. "म्हणाले, काय गुणाची मुलगी आहे."

"पण मग ते कळलं कसं?" हे मंदारने विचारलं. बारा वर्षांच्या संसारात मी त्याला कपाची गोष्ट सांगितली होती, ही नव्हे.

आई पहिल्यांदाच जरा ओशाळली. "ते माझ्यामुळे. त्यांनीच मला शिकवलं होतं, साली फेकायच्या नाहीत, माझ्या खताच्या ढिगावर टाकायच्या. मी टाकल्या. आता मला काय माहीत, की भोपळा लहान असताना त्यांनी सालीवर सुईने आपलं नाव कोरलं होतं! भोपळा वाढला तशी अक्षरंही वाढली. वीत वीत! मला वाटलं गोगलगाईंनी खाल्लंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी टकर आजोबा साल हातात घेऊन आले. बाबा लाल झाले. मी न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावली. आजोबांनी म्हणे फक्त विचारलं, "उरलाय का थोडा?" बाबांनी उरलेला हलवा पातेल्यासकट त्यांच्या हातात दिला. शनिवारी प्रदर्शनात एकाहून एक मॅरो ओळीने मांडले होते, आणि टकर आजोबांच्या जागेवर आमचं स्टीलचं पातेलं. शेजारी त्यांच्या अक्षरात चिठ्ठी: 'होता अडीच फूट. आता दीड वाटी.' परीक्षकांनी चव घेतली, मान डोलावली आणि नियमात बसत नाही म्हणून बाद केला.

दिवाणखान्यात सगळे हसत होते. मीही हसायला लागले होते. तेव्हा आई सहज म्हणाली, "वाईट एवढंच वाटलं, की अकरा वर्षं त्यांचा दुसरा नंबर येत होता. त्या वर्षी पहिला नक्की होता. सगळं गाव म्हणत होतं."

ईराने हे वाक्य इंग्लिशमध्ये सांगितलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं.

"डिड यू से सॉरी?"

मी म्हटलं होतं? बाबांनी मला हात धरून नेलं होतं. मी तोंड उघडलं आणि नुसती रडले. मग हिवाळाभर दर शनिवारी मी त्याच ढकलगाडीतून त्यांच्या खतासाठी वाळलेली पानं गोळा करून न्यायचे. ते कुंपणाशी उभे असायचे, प्रत्येक खेपेला एक पेपरमिंट द्यायचे. भोपळ्याचं नाव त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही. आम्ही निघालो तेव्हा ते स्टेशनवर आले होते. गंमत बघा, एवढ्या गाई मी पाळल्या, एवढे कप जिंकले, आणि खरोखर घडलेली ही गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितली नव्हती!

"यू टोल्ड मी देअर वॉज अ कप," ईरा म्हणाली. आवाज अगदी लहान. तिने कागदाची सुरळी केली आणि ती आपल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मिस हॅरिएट निघाली. दारात तिने माझा हात हातात घेतला, काहीतरी धीराचं बोलायला तोंड उघडलं, आणि तिला पुन्हा हसू फुटलं. ती तशीच हसत तीन व्हिला पार करून गेली.

मी ईराच्या दाराबाहेर येरझाऱ्या घालू लागले. आत जावं? नको. हाक मारावी? काय म्हणून? मंदार म्हणाला, "बस जरा." मी बसले. उठले. शेवटी दारावर टकटक केली आणि बाहेरूनच म्हणाले, "ईरा, पाच गाई पण नव्हत्या. एकच होती. मी फक्त हात लावला होता. आणि तिने मला चाटलं म्हणून मी रडले होते."

मग दार किलकिलं झालं. तिच्या गालाला चमकी लागली होती. कपावर तिने पांढरा कागद चिकटवला होता, त्यावर पातेलं काढलं होतं. बाहुलीच्या गाडीतून भोपळ्याचे फक्त डोळे बाहेर दिसत होते, आणि वर मोठ्या अक्षरांत नवं शीर्षक होतं: 'माय मदर, द मॅरो थीफ'.

"आई," ती अतिशय गंभीरपणे म्हणाली, "धिस इज सो मच बेटर."

तो प्रकल्प शाळेला इतका आवडला, की थेट असेंब्लीत सादर झाला. तीनशे मुलं, सगळे शिक्षक, पालक. मंचावर ईरा आणि मुख्य साक्षीदार म्हणून स्पोर्ट्स शूजमधली आई. आईने स्टाफसाठी दुधीहलव्याचा डबा नेला होता. "प्लीज हॅव सम मोअर, इट्स यॉर्स" या वाक्याला तर पहिलीतली मुलंही खुर्च्यांवर उभी राहिली. मी तिसऱ्या रांगेत. शेजारच्या इजिप्शियन आईने माझ्याकडे वळून, डोळे पुसत विचारलं, "हबीबती, हू इज धिस थीफ?" मी म्हटलं, "आय थिंक समबडी फ्रॉम ग्रेड फाइव्ह."

मग मी ठरवलं, आता जे काही करायचं ते खरं करायचं. शाळेच्या मागे मुलांनी भाज्यांचे वाफे केले आहेत, त्यांच्या देखरेखीसाठी पालक हवे होते. मी सगळ्यांत आधी नाव दिलं. अर्जात अनुभवाच्या रकान्यात, आयुष्यात पहिल्यांदा, काहीही वाढवून न लिहिता 'हिवाळाभर पानं गोळा केली' एवढंच लिहिलं. दोन दिवसांत शाळेचं अतिशय प्रेमळ उत्तर आलं. माझ्या उत्साहाचं कौतुक होतं, आभार होते, आणि मला एक जबाबदारीचं काम दिलं होतं.

दर रविवारी सकाळी बाकीचे पालक मागे वाफ्यांवर राबत असतात, तेव्हा दोन तास मी पिवळं जॅकेट घालून, हातात लाल झेंडा घेऊन उभी असते. शाळेच्या पुढच्या बाजूला. पार्किंगमध्ये.